नमुन्याची चौकट

९ नोव्हेंबर

खडू,

या नावाने तुला आता कोणी हाक मारत नसेल. पाकिटावर तुझं पूर्ण नाव आणि हुद्दा लिहिला आहे. आत तरी मला माझ्या सवयीने लिहू दे.

बाबांना परवा घेऊन गेले. मारहाण वगैरे काही नाही. दोघे आले होते. जिना उतरताना एकाने बाबांना हात दिला, तर बाबाच त्याला म्हणाले, "सांभाळ रे, ती पायरी हलते."

जुन्या सभागृहाच्या भिंतींचं काम आमच्याकडे होतं. तिथे आता न्यायालय बसवताहेत, हे तुला माझ्याआधी कळलं असेल. हुकूम साधा होता. पोपडे काढा, तडे भरा, सगळं पांढरं करा. खाली काय आहे ते पाहू नका, पाहिलंत तर बोलू नका, कोणाला दाखवू तर मुळीच नका. ठेकेदाराने कलम मोठ्याने वाचलं. बाबा मान हलवत होते. मला वाटलं, ऐकताहेत.

न्यायाधीशांची खुर्ची जिथे येणार तिच्या मागे, हाताला येईल एवढ्या उंचीवर, बाबांनी नमुना सोडला.

तू विसरला असशील म्हणून लिहिते. तळहाताएवढी चौकट. तिच्यात पायरीपायरीने एकेक थर उघडा ठेवायचा. पुढे कधी दुसरा कारागीर त्या भिंतीपाशी उभा राहिला तर त्याला कळावं, आपल्या आधी इथे काय काय होऊन गेलं. आजोबांनी प्रत्येक कामात ठेवला, बाबांनी ठेवला. हे काही बंड नव्हे. शिंपी शेवटी गाठ मारतो, तसं.

मी दुसऱ्या टोकाला होते. परांची उतरवली तेव्हा दिसलं.

"बाबा, हे काय?"

"काय?"

"हे."

"नमुना." जणू मी विचारलं होतं, तोंडावर नाक कशाला.

माझ्याकडचा कालवलेला चुना संपला होता. सकाळी येऊन बुजवू म्हटलं. पाहणी संध्याकाळीच झाली.

तो कायदा तू लिहिलास. सगळा नाही, पण त्यातले काही शब्द तरी तुझे आहेत. त्यात म्हातारा माणूस बाहेर पडेल एवढी फट कुठेतरी ठेवली असशील. ती कुठे आहे एवढंच कळव. तू स्वतः काही करावंस असं मी म्हणत नाही. केलंस तर नको असंही म्हणणार नाही.

ताई


२० नोव्हेंबर

खडू,

तुझं उत्तर नाही. टपालाला वेळ लागत असेल.

वकीलबाई मिळाल्या आहेत. तरुण आहेत, बोलताना पेन्सिल चावतात. म्हणाल्या, "ताई, या कलमात जामीन नाही. खरं तर तुमच्या भावाला विचारा, त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक." मी म्हटलं, विचारलं आहे.

बाबांना भेटले. तुरुंगात बाबांची तक्रार एकच, गिलाव्यात वाळू फार आहे. कोठडीच्या भिंतीवर नख ओढून त्यांनी पहारेकऱ्याला दाखवलं, हे बघ, भुरभुरतं. तो पहारेकरी बरा आहे, हसरा. त्याने साहेबांना कळवतो म्हणून सांगितलं. मला म्हणाला, "तुमचे वडील इथे पाहुणे आलेत की तपासणीला, तेच कळत नाही."

बाबांनी मला विचारलं, नमुन्यावर पुरावा म्हणून कापड लावून सील केलंय म्हणतात, ते कापड ओलं तर नाही ना?

त्या चौकटीत काय आहे ते सांगते. हे लिहिणं गुन्हा आहे. तू वाचणं हाही असेलच, तेव्हा आपण बरोबरीत.

सगळ्यात वर कचेरीचा हिरवा तेलरंग. त्याच्या खाली राजाचे कायदे, तांबड्या अक्षरांत. त्याच्या खाली आपली धर्मवचनं, काळ्या शाईची. त्याच्या खाली पलीकडच्या वस्तीतल्यांचा निळा, त्यात माणसांचे चेहरे. चेहरे खरवडलेले आहेत, पण जिथवर हात पोचला तिथवरच. वरच्या रांगेतले सगळे शाबूत, ते पोपडे काढताना दिसले. सगळ्यांत खाली नुसता गिलावा आणि तो लावणाऱ्याच्या बोटांचे ठसे. तो कोणाचा, आपला की त्यांचा, ते बोटांवरून कळत नाही.

बाबा मला काम करताना एक गोष्ट नेहमी दाखवायचे. प्रत्येक पुसणाऱ्याने घाई केली आहे. भिंत भिजवलेली नाही. चुन्यात कुंचल्याचे केस अडकलेत. एका ठिकाणी तर अर्ध्या ओळीवरच फासून पुढे गेलेत. नवा राजा आला, नवा धर्म आला, नवी कचेरी आली, म्हणजे सत्ता त्यांचीच होती ना? तरी मागे कोणीतरी उभं असल्यासारखं काम केलंय. "जिंकलेल्या माणसाला एवढी कसली घाई?" असं बाबा विचारायचे.

एकच थर वेगळा आहे. धर्मवचनांवर राजाचा चुना चढवताना कोणीतरी मध्ये गाळीव मातीचा पातळ हात दिला आहे. तसं केलं की वरचा चुना पुढे कधीतरी अलगद सुटतो आणि खालचं जसंच्या तसं राहतं. त्याला पुसायला सांगितलं होतं, त्याने पुसलं. बाबांनी त्या जागी बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा आपल्यातला." आपल्यातला म्हणजे आपल्या धंद्यातला.

ताई


२७ नोव्हेंबर

तू उत्तर का देत नाहीस ते मला माहीत आहे. टपालाचं काही नाही. आजवर आपण हे कागदावर आणलं नाही, तर आज आणते.

बाजारातल्या जुन्या इमारतीत बाबांनी असाच नमुना ठेवला होता. तेव्हा त्याला बंदी नव्हती. त्यात खालून निळा निघाला. आधी दोघेचौघे बघायला आले, मग रांग लागली. पलीकडच्या वस्तीतली माणसं बोटाने तो निळा शिवून जायची. मग आपले लोक आले. म्हणाले, त्याच्याही खाली आमचा असणार, खणा. कोणीतरी पहार आणली. आई बाबांचा डबा घेऊन गेली होती. तिला पायऱ्यांवरून तू उचललंस. मी नंतर पोचले.

बाबांना तू म्हणालास, तुमचे हात त्या दिवशी थांबले असते तर आई असती. तेव्हापासून बाबा तुझ्याशी बोलले नाहीत.

तू कायद्याचा मसुदा मला वाचून दाखवला होतास. कुठल्याही इमारतीत पूर्वी काय होतं ते कोणी शोधू नये, बोलू नये, दाखवू नये. मी म्हटलं होतं, चांगला आहे. अजूनही म्हणते. पहारी परत बाहेर निघाल्या नाहीत. पलीकडच्या वस्तीतली मुलं शाळेत जाऊ लागली. पुढे त्या कायद्याच्या शेजारी धर्मखात्याने खुर्ची टाकली आणि पूर्वी काय होतं त्याचं उत्तरही लिहून टाकलं, की पूर्वीपासून सगळं आपलंच होतं आणि पांढरं होतं. हे तुझं नव्हे. निदान मी तसं धरून चालते.

तू भिंतींना गप्प केलंस कारण माणसं मरत होती. बाबांना भिंत दिसली की ते ती वाचतात. मला दोघांचंही पटतं. घरात अशा माणसाचा कोणाला उपयोग होत नाही.

बाबा रात्री खोकतात, असं हसरा पहारेकरी म्हणाला. हिवाळा तोंडावर आहे. मी कायद्याबद्दल तुझ्याशी वाद घालत नाही. त्यांना घरी आणायचं आहे, बस.

ताई


४ डिसेंबर

खडू,

तुझी चिठ्ठी मिळाली. तारीख नाही, सही नाही, टाइप केलेल्या ओळी. "त्यांनी एवढंच म्हणावं. भिंतीखाली काही नाही. माझ्या हातून चूक झाली. बाकी पाहिलं जाईल."

पाहिलं जाईल म्हणजे तू पाहिलंस. मी ती चिठ्ठी वाचून चुलीत घातली, आणि मग उगीचच वाईट वाटलं, तुझ्याकडून इतक्या वर्षांत आलेला तेवढाच कागद होता.

आज बाबांना पढवायला गेले.

"बाबा, म्हणा. भिंतीखाली काही नाही."

"कुठल्या भिंतीखाली?"

"सभागृहाच्या."

"तिथे तर चांगले—"

"बाबा!"

"बरं बाई. काही नाही."

"आणि माझ्या हातून चूक झाली."

"चूक कुठे आहे? कडा बघितल्यास का, किती सरळ आल्यात?"

हसरा पहारेकरी दाराशी होता. तो म्हणाला, "आजोबा, म्हणून टाका ना. मी घरी रोज म्हणतो, माझ्या हातून चूक झाली."

"कोणाला?"

"बायकोला."

"आणि तिला ठाऊक असतं का, तुझी चूक नाही ते?"

"असतं की. तरी म्हणायला लावते."

बाबांनी थोडा विचार केला. "तिला ठाऊक असेल तर ठीक आहे," म्हणाले, आणि दोन्ही वाक्यं एका दमात म्हणून दाखवली. मग परत एकदा. निघताना तिसऱ्यांदा, मी न सांगता. शाळेतल्या मुलासारखे.

सुनावणी पुढच्या आठवड्यात, त्याच सभागृहात. मी त्यांचा गरम सदरा धुऊन ठेवला आहे.

ताई


१३ डिसेंबर

तू आला होतास, तेव्हा सगळं तू पाहिलंस. तरीही लिहिते. तू मागे बसला होतास, तिथून किती ऐकू आलं कोण जाणे.

मला सुरुवातीला तू दिसला नाहीस. समोर न्यायाधीश, त्यांच्या उजवीकडे धर्मसल्लागार, डावीकडे खाली टाइप करणारी मुलगी. मागे आमची पांढरी भिंत, आणि तिच्यावर लाखेचं सील मारलेलं फडकं. बाबांना उभं राहवत नव्हतं. न्यायाधीश म्हणाले, "बसा आजोबा, बसून बोला." मला वाटलं, तू खरंच पाहिलं आहेस.

बाबांनी दोन्ही वाक्यं बरोबर म्हटली. माझ्याकडे बघितलंसुद्धा, झालं ना, अशा नजरेने. न्यायाधीशांनी काहीतरी लिहिलं. पेनाला टोपण लावलं. फाइल मिटली. खडू, फाइल मिटली होती.

मग ते चांगले गृहस्थ म्हणाले, "बरीच वर्षं केलंत हे काम?"

"हो साहेब."

"मग एक सांगा. आमच्या घरी उत्तरेच्या भिंतीला ओल येते. दरवर्षी रंग काढतो, दरवर्षी फुगतो. काय करावं?"

त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांच्या भिंतीला ओल येते एवढंच. वकीलबाईंनी पेन्सिल तोंडातून काढली.

बाबा खुर्चीत पुढे सरकले. "रंग कसला?"

"तेलरंग."

"तिथेच घोटाळा आहे. ओल आत कोंडते. आता तुमच्या मागची हीच घ्या. वरचा हिरवा तेलरंग कचेरीवाल्यांनी मारला, तो सगळा फुगून आला होता. त्याखाली राजाची तांबडी अक्षरं, ती चुन्यातली, ती बघा कशी धरून आहेत. त्याखाली आपली वचनं. पण सगळ्यांत टिकलाय तो निळा, त्यांचा. का, तर त्यांनी भिंत आधी भिजवली, गिलावा ओला असताना काम केलं. तुम्हीही तेलरंग उतरवा, आणि त्या निळ्यासारखं करा."

न्यायाधीशांनी वळून भिंतीकडे पाहिलं. कोणीही पाहील. त्यांच्यामागोमाग सगळ्या सभागृहाने पाहिलं. तिथे फडकं होतं, बाकी पांढरं. धर्मसल्लागार तेवढे वळले नाहीत, ते बाबांकडेच बघत राहिले. आणि टाइपचा आवाज चालू होता. त्या मुलीला दोष देत नाही, तिला थांब असं कोणी म्हटलं नाही.

वकीलबाईंनी बाबांची बाही ओढली. बाबा मागे वळले आणि त्यांना तू दिसलास.

"अरे खडू! कधी आलास?"

इतक्या वर्षांनी हेच पहिलं. रागाचं काही नव्हतं आवाजात, तू ऐकलं असशील.

"साहेब, याला विचारा. माझा मुलगा. शहरातली एक भिंत याने चाटायची सोडली नाही लहानपणी. डोळे मिटून सांगायचा, कुठला चुना जुना, कुठला नवा. सांग रे यांना."

लोक हसले. न्यायाधीशही हसले असते, पण त्यांनी सल्लागारांकडे पाहिलं आणि टोपण परत काढलं.

तू उठलास. तू पुढे यायला उठला होतास, असं मी धरून चालते. दार मागच्या बाजूला होतं.

तीन वर्षं. नेताना बाबा मला म्हणाले, "त्याची तब्येत उतरलीय गं. खात नाही का नीट?" आणि मग, "पण ते दोन्ही मी बरोबर म्हटलं ना?"

बरोबर म्हटलं, बाबा, असं मी सांगितलं.

ताई


१७ जानेवारी

खडू,

वकीलबाई म्हणाल्या, तुझी बदली झाली. कुठे ते त्यांना कळलं नाही. मी जुन्याच पत्त्यावर लिहिते आहे. त्या दिवशी बाबांनी तुला हाक मारली ती कागदावर आहे, आणि सल्लागारांनी त्या ओळीखाली रेघ ओढली, हेही त्या म्हणाल्या. बाबांना हे सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं तुला महत्त्वाचं काम होतं म्हणून गेलास.

ठेकेदार घरी आला होता. बसला नाही.

"ताई, ती चौकट बुजवायचीय."

"दुसरं कोणी नाही का?"

"दुसऱ्याच्या चुन्याचा डाग दिसतो. साहेबांना डाग नको. तुमच्याच हातचा पाहिजे, बाकीच्या भिंतीत मिसळेल असा."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर छिन्नी लावून दगडापर्यंत उतरवणार. सगळी भिंत." तो माझ्याकडे बघत नव्हता. "मला काय, मला सांगायला पाठवलं."

गेले. फडकं काढलं. बाबांच्या कडा खरंच सरळ होत्या. एक शिपाई शेजारी स्टुलावर बसून होता, पण त्याला भिंतीकडे बघायची मनाई असावी, कारण तो सारखा छताकडे बघत होता. मी भिंत भिजवली. थांबले. परत भिजवली. घाई केली नाही. पुढे काय आणि कसं केलं ते लिहीत नाही.

आता तिथे काही दिसत नाही. मलाही जागा शोधावी लागेल.

ताई


३ फेब्रुवारी

खडू,

तुला पत्रं मिळतात की नाही ते माहीत नाही. हे मिळावं.

हसऱ्या पहारेकऱ्याची पाळी बदलली. आताचा खुर्ची घेऊन आमच्यामध्येच बसतो आणि बोललेलं लिहून घेतो. बाबा फार वाळलेत. सदरा खांद्यावरून घसरतो. खोकला आहेच. पण डोळे तसेच, गेल्या गेल्या विचारलं, "सभागृहाचं काम पुरं झालं?"

"झालं."

"नमुना ठेवलास ना?"

पहारेकऱ्याने मान वर केली. हो म्हटलं असतं तर त्याने तेच लिहिलं असतं, आणि उद्या माणसं छिन्नी घेऊन गेली असती. मला इकडे शेजारच्या कोठडीत घातलं असतं ते वेगळंच.

"नाही, बाबा."

"म्हणजे?"

"बुजवला."

"सगळा?"

"सगळा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी मांडीवर बोटांनी हात दिल्यासारखं करून दाखवलं, पातळ, आडवा, माती लावतात तसा. पण मध्ये पहारेकऱ्याची खुर्ची होती, त्यांना ते दिसलं नसावं.

"मग पुढच्याला कसं कळायचं?"

भिंत बिघडवलेल्या मजुराकडे ते बघायचे ना, तुला आठवत असेल, ओरडायचे नाहीत, तसं बघितलं. मग खुर्ची वळवली आणि उरलेला सगळा वेळ माझ्याकडे पाठ करून बसले. उठायची वेळ झाली तेव्हा पहारेकऱ्याला म्हणाले, "पुढच्या वेळी हिला पाठवू नका."

त्याने तेही लिहून घेतलं.

मी सुटका मागत नाही. ती तुझ्या हातात होती तेव्हा तू ती आणून ठेवलीस, आणि आम्ही ती सांडली. ते मला कळतं. दुसरं मागते. तुझा हुद्दा अजून शिल्लक असेल तर अधिकाऱ्यांना एक भेट एकांतात मिळते, मध्ये खुर्ची नसते, असं वकीलबाई म्हणतात. तेवढा एकदा ये. आईचं काढू नकोस, कायद्याचं काढू नकोस. तब्येत उतरलीय म्हणतील, ऐकून घे.

आणि त्यांना सांग, नमुना आहे. ते पूर्ण खोटं नाही, पण ते कसं ते तुला ठाऊक नसलेलं बरं. माझं ते आता ऐकणार नाहीत. तुझं ऐकतील. मी स्वतः पाहिला, म्हणावं. जागेवर आहे. कडा सरळ आहेत, म्हणावं.

ताई